विश्लेषण : बर्फ न पडणाऱ्या मावळात हिवाळी खेळाडूंचा खरा सन्मान कोणता?

डिसेंबर-जानेवारीत लोणावळ्यात कितीही गारठा पडला, तरी पवना धरणाचे पाणी काही गोठत नाही. तरीही चाकांच्या स्केट्सवर सुरुवात करून बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाण्याची वाट आता आपल्याकडच्या मुलांना बंद राहिलेली नाही. असा खेळाडू परदेशातून परतला की गावात काय होते, हे आपल्याला पाठ आहे. चौकात फलक लागतो, ढोल-ताशा वाजतो, उघड्या जीपमधून मिरवणूक निघते आणि व्यासपीठावर शाल-श्रीफळ दिले जाते. हा आनंद खोटा नसतो. पण हे सगळे खेळाडू परतल्यावर होते. जाण्यापूर्वी त्याला गावाकडून काय मिळाले, हा प्रश्न त्या व्यासपीठावर कुणी विचारत नाही. हिवाळी खेळांच्या बाबतीत तर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

हिवाळी खेळ म्हणजे नेमके कोणते?

ढोबळमानाने यांचे दोन गट पडतात. पहिला गट हिमाच्या उतारांवरचा : अल्पाइन स्कीइंग, क्रॉस-कंट्री स्कीइंग, स्नोबोर्ड. दुसरा गट घट्ट बर्फावरचा : फिगर स्केटिंग, स्पीड स्केटिंग, आईस हॉकी. याशिवाय बर्फाच्या घसरगुंडीसारख्या मार्गावरून छोट्या घसरगाडीवर उताणे पडून सुसाट जायचे, तो ल्यूज.

हिवाळी ऑलिम्पिकची सुरुवात १९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे झाली. भारताचा पहिला खेळाडू तिथे पोहोचायला १९६४ उजाडले. त्या वर्षी इन्सब्रुक येथे जेरेमी बुजाकोवस्की स्कीइंगमध्ये उतरले. भारताला हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पदकाची प्रतीक्षा आहे.

पदक नाही, म्हणजे कामगिरीही नाही का?

तसे मुळीच नाही. हिमाचलचे शिवा केशवन १९९८ ते २०१८ या काळात सलग ६ हिवाळी ऑलिम्पिक ल्यूजमध्ये खेळले. देशात ल्यूजचा मार्ग नसल्याने त्यांनी घसरगाडीला चाके लावून हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर, वाहनांच्या गर्दीतून सराव केला. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो २०२० मध्ये, म्हणजे शेवटच्या ऑलिम्पिकनंतर २ वर्षांनी आणि पहिल्या ऑलिम्पिकनंतर तब्बल २२ वर्षांनी.

२०१४ च्या सोची ऑलिम्पिकच्या उद्घाटनात तर केशवन यांना तिरंग्याऐवजी ऑलिम्पिकच्या ध्वजाखाली चालावे लागले. भारतीय ऑलिम्पिक संघटनेवर तेव्हा निलंबन होते. चूक पदाधिकाऱ्यांच्या कारभाराची आणि झळ खेळाडूला, असा तो प्रसंग.

२०१८ मध्ये मनालीच्या आंचल ठाकूर हिने तुर्कस्तानातील स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. स्कीइंगमधील भारताचे ते पहिले आंतरराष्ट्रीय पदक मानले जाते. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये काश्मीरचा आरिफ खान हा भारताचा एकमेव खेळाडू होता. जोरदार हिमवर्षावात झालेल्या जायंट स्लॅलम शर्यतीत अनेक जण वाटेतच बाद झाले, आरिफने मात्र दोन्ही फेऱ्या पूर्ण करून ४५ वे स्थान मिळवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनमधील हार्बिन येथे झालेल्या आशियाई हिवाळी स्पर्धेत भारताचे ५९ खेळाडू उतरले. त्याच वर्षी महिला आईस हॉकी संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळवले.

४५ वा क्रमांक फलकावर छापायला आकर्षक वाटत नाही. पण ज्या देशात या खेळाच्या सोयीच नाहीत, तिथून निघून ती शर्यत पूर्ण करणे याची किंमत क्रमांकावरून कळत नाही. सन्मानाची आपली फूटपट्टी फक्त पदकाची असेल, तर हिवाळी खेळाडू तिच्यात कधीच बसणार नाहीत.

यात महाराष्ट्र कुठून आला?

स्केटिंगमुळे. २०२४ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत लष्कर आणि कर्नाटक यांच्यापाठोपाठ महाराष्ट्र पदकतक्त्यात तिसरा होता. राज्याच्या पदकांत लेहमध्ये झालेल्या आईस स्केटिंगचा वाटा मोठा होता. बर्फ नसलेल्या राज्याने बर्फावरची पदके आणली, याचे गुपित चाकांत आहे.

पुणे, पिंपरी-चिंचवड आणि मुंबई परिसरात एका ओळीत चाके असलेल्या इनलाइन स्केट्सवर हजारो मुले शिकतात. शरीर खाली झुकवणे, वळणावर तोल आत घेणे, एका पायावर भार देऊन दुसऱ्याने ढकलणे, हे सारे चाकांवर आणि बर्फावर बरेचसे सारखे असते. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने ३,००० मीटर रिलेमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या चौघांत महाराष्ट्राचे सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. ती शर्यत चाकांवरची होती, पण बर्फावरच्या स्पीड स्केटिंगची पायाभरणी अशाच खेळाडूंमधून होते.

मात्र फरकही आहेच. बर्फावरच्या स्केटचे पाते जेमतेम एक मिलिमीटर जाडीचे असते. थांबण्याची पद्धत, वळणावरचा झुकाव, पडल्यावर घसरत जाण्याचे अंतर, सारे बदलते. चाकांवर राज्यविजेता असलेला मुलगा पहिल्या दिवशी बर्फावर कठडा धरून उभा राहतो. ही सवय केवळ बर्फावरच होते, आणि गाडी अडते ती तिथेच.

मावळ-लोणावळ्याला यात संधी काय?

पहिली संधी स्केटिंगची आणि दुसरी डोंगराची. फेब्रुवारी २०२६ च्या मिलान-कॉर्टिना ऑलिम्पिकमध्ये स्की माउंटेनिअरिंग या खेळाने पदार्पण केले. यात खेळाडू स्कीच्या तळाला न घसरणारी पट्टी लावून उतार चढतो, मधल्या टप्प्यात स्की पाठीवर बांधून पायी चढतो आणि शेवटी स्कीवरून खाली येतो. म्हणजे या खेळात छातीचा भाता आणि पायांतली ताकद यांचा कस लागतो. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची यांच्या वाटांवर वाढलेल्या मुलांकडे निदान पहिली शिदोरी असते. नागफणीच्या कड्यावर दोर लावणारी, 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थेतून दऱ्यांत अडकलेल्या पर्यटकांना बाहेर काढणारी माणसे याच परिसरातली आहेत.

हे स्वप्नरंजन नाही, याचे उदाहरण याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे आहे. कर्नाटकातील कोडगू जिल्हा हाही आपल्यासारखाच धो-धो पावसाचा, बर्फ न पाहिलेला. तिथल्या भवानी थेक्कडा या गिर्यारोहणातून क्रॉस-कंट्री स्कीइंगकडे वळल्या आणि २०२४ मध्ये गुलमर्गला खेलो इंडिया स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदके मिळवली.

उष्ण गावातून ऑलिम्पिक विजेते घडतात का?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ओकाला नावाचे शहर आहे. फ्लोरिडा म्हणजे दमट उकाडा आणि समुद्रकिनारे. तरीही या एका शहरातून एरिन जॅक्सन, ब्रिटनी बोव आणि जोई मँटिया हे तिघे २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्पीड स्केटिंगला उतरले आणि तिघांनीही पदके आणली. तिघांची सुरुवात इनलाइन स्केटिंगने झाली. तिघांनाही घडवण्यात रेने हिल्डब्रँड या एकाच प्रशिक्षक बाईंचा हात होता. ओकालाने बर्फ तयार केला नाही. तिथे चाकांसाठी चांगली जागा होती आणि वर्षानुवर्षे टिकून राहिलेली एक प्रशिक्षक होती. बर्फासाठी हे खेळाडू पुढे दुसऱ्या राज्यांत गेले.

यातली एक घटना सन्मानाबद्दल बरेच शिकवून जाते. ऑलिम्पिकच्या निवड चाचणीत ५०० मीटर शर्यतीत एरिनचा पाय घसरला आणि ती तिसरी आली. त्या वेळी जागा दोघींनाच नक्की होत्या. चाचणी जिंकणाऱ्या ब्रिटनीने आपली जागा एरिनला दिली. पुढे एक जादा जागा मिळाल्याने ब्रिटनीलाही ती शर्यत खेळता आली. बीजिंगमध्ये एरिनने सुवर्णपदक जिंकले आणि हिवाळी ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय महिला ठरली. घरी परतल्यावर तिचे कौतुक झालेच असेल. पण तिचा सर्वांत मोठा सन्मान विमानात बसण्यापूर्वी, तिच्याच गावच्या मैत्रिणीने केला होता.

खेळाडूचा पैसा जातो कुठे?

बर्फावर उभे राहण्यातच. देशात प्रमाणित मापाची बंदिस्त रिंक दुर्मीळ आहे. डेहराडूनची हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली गेली आणि मग वर्षानुवर्षे बंद पडून राहिली. ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे शॉर्ट ट्रॅकची आशियाई ओपन स्पर्धा झाली. गुरुग्राममध्ये मॉलमधील रिंक आहे. लेहमध्ये नैसर्गिक बर्फ हिवाळ्यातले जेमतेम दोन-अडीच महिने आणि तोही सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर मिळतो.

लोणावळ्याच्या घरातून याचा हिशेब मांडा. दिल्लीमार्गे डेहराडून गाठायला रेल्वेत किमान एक पूर्ण दिवस जातो. सोबत एक पालक, म्हणजे त्याची रजा किंवा बुडालेली मजुरी. राहणे-जेवण, तासावर मोजलेला बर्फ, प्रशिक्षकाचे शुल्क, वाढत्या पायाला दर थोड्या काळाने नवे बूट, पात्यांची धार. परदेशातील स्पर्धा असेल तर व्हिसा, विमा, विमान आणि प्रवेश शुल्क. यातला बहुतेक खर्च पदक मिळण्याच्या आधी होतो. कितीतरी मुले इथेच गळतात आणि त्यांच्या नावाचा फलक कधी लागतच नाही.

सत्कार नेहमी नंतरच का होतो?

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला निघाले तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केल्याचे सांगितले जाते. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडहून गोळेश्वरला त्यांची मिरवणूक निघाली, तिच्यात शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवून ते कर्ज फेडले, अशी आठवण आजही सांगितली जाते. सरकारी सन्मानाला मात्र फार उशीर झाला. १९८४ मध्ये अपघाती निधन झाल्यानंतर, २००० साली त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार मिळाला. आज त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्याचा क्रीडा दिन आहे.

मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवले आणि त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. अलीकडे रकमा वाढल्या, हेही खरे. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळे यांना राज्याने आधी १ कोटी जाहीर केले आणि पुढे ते २ कोटी झाले. हे स्वागतार्हच आहे. पण तिजोरी उघडते ती पदक दिसल्यावर. खाशाबांच्या गोष्टीतील सर्वांत मोठा सत्कार बैलगाड्यांचा नव्हता, गहाण पडलेल्या घराचा होता. आपण मात्र बैलगाड्या लक्षात ठेवल्या.

प्रत्येक 'आंतरराष्ट्रीय' पदक सारखेच असते का?

नाही, आणि हे स्पष्टपणे सांगायला हवे. स्केटिंगसारख्या खेळांत नावात 'आंतरराष्ट्रीय' किंवा 'वर्ल्ड' असलेल्या खासगी स्पर्धांना तोटा नाही. पालक कर्ज काढून मुलाला पाठवतात, मूल पदक घेऊन येते, गावात मिरवणूक निघते. पुढे महाविद्यालयाच्या किंवा नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र जोडायची वेळ येते, तेव्हा ते ग्राह्य नसल्याचे कळते. यात मुलाची काहीच चूक नसते. त्याने घाम गाळलेला असतो. फसगत मोठ्यांची होते आणि शिक्षा मुलाला मिळते.

सत्कार ठरवण्यापूर्वी, किंबहुना स्पर्धेचे पैसे भरण्यापूर्वी, पुढील चार प्रश्न विचारावेत :

१. स्पर्धा कोणत्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेची आहे? बर्फावरच्या स्केटिंगसाठी आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियन, स्कीइंगसाठी एफआयएस, आईस हॉकीसाठी आयआयएचएफ या प्रमुख संस्था आहेत.

२. भारतात निवड कुणी केली? त्या राष्ट्रीय संघटनेला केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता आहे का? ही यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

३. निवड चाचणी झाली का? की पैसे भरेल तो संघात?

४. त्या प्रकारात आणि वयोगटात किती देशांचे किती खेळाडू होते?

राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. म्हणून हे प्रश्न संशय म्हणून नव्हे, तर मुलाच्या काळजीपोटी विचारायचे. ज्याची स्पर्धा खरी, त्याचा मान यामुळे वाढतोच.

मग तालुक्याने करायचे काय?

लोणावळ्यात बर्फाची रिंक बांधा, अशी मागणी उद्या कुणी करेल. ती टाळलेली बरी. डेहराडूनचा अनुभव समोर आहे. बांधणे एकवेळ सोपे, पण बारा महिने बर्फ गोठवून ठेवण्याचे वीजबिल भरणे अवघड. पर्यटकांसाठीचे 'स्नो पार्क' हेही सरावाचे ठिकाण नव्हे. आपल्या आवाक्यातल्या गोष्टी वेगळ्या आहेत.

एक, प्रवास निधी. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे नगरपरिषदा, वडगाव नगरपंचायत यांनी क्रीडा तरतुदीतील छोटी रक्कम केवळ 'निवड झालेल्या, पण अजून न गेलेल्या' खेळाडूंसाठी राखून ठेवावी. तळेगाव परिसरात कारखाने आहेत. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणावर खर्च करण्यास कंपनी कायद्यानेच वाव दिला आहे. गरज आहे ती रीतसर प्रस्ताव घेऊन जाणाऱ्यांची.

दोन, जागा. गुळगुळीत, पुरेशा रुंदीचा आणि वळणावर योग्य उतार असलेला स्केटिंग ट्रॅक, ज्यावर लग्नाचे मंडप आणि वाहने लागणार नाहीत. सध्या मुले सोसायटीच्या आवारात, वाहनतळावर किंवा पहाटे रिकाम्या रस्त्यावर सराव करतात. मावळातला पाऊस पाहता त्यावर छप्परही हवे, नाहीतर वर्षातले चार महिने असेच वाया जातील.

तीन, शाळा. बर्फाचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी आणि दहावी-बारावीचा ताणही नेमका त्याच काळात. हजेरीत सवलत, बुडालेला अभ्यास भरून काढण्याची सोय, चाचणी परीक्षा पुन्हा देण्याची मुभा, यांना एक रुपया लागत नाही. मुख्याध्यापकांची इच्छा पुरेशी आहे.

चार, नोंद. शाळेत किंवा नगरपरिषदेच्या वाचनालयात कायमचा फलक लावावा. त्यावर नाव, खेळ, स्पर्धा, वर्ष आणि स्थान लिहावे, मग स्थान ४५ वे का असेना. खाली प्रशिक्षकाचेही नाव हवे. फ्लेक्स पहिल्या वळवाच्या वाऱ्यात फाटतो. भिंतीवरचे नाव मात्र पुढच्या वर्षी पाचवीत येणारी मुलगी वाचते.

आधी रस्ते आणि पाणी, मग स्केटिंग, असे का म्हणू नये?

हा आक्षेप रास्त आहे. ज्या वाड्या-वस्त्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे बर्फावरच्या खेळाची भाषा चैनीची वाटणारच. शिवाय हा खेळ पैसेवाल्यांच्या मुलांचा, त्यांनी आपले पाहून घ्यावे, असेही म्हटले जाते.

पण हा खेळ पैसेवाल्यांचा का राहिला? कारण प्रत्येक कुटुंबाने आपले पाहून घ्यावे, अशीच व्यवस्था आहे. गावाचा हात जाण्यापूर्वी मिळाला, तर भातशेती करणाऱ्याच्या, चिक्कीच्या दुकानात काम करणाऱ्याच्या घरातले मूलही यात टिकू शकेल. नंतरच्या सत्काराने ते होत नाही. उलट, ज्यांना स्वतःच्या खर्चाने जाणे परवडले, त्यांचाच सत्कार होत राहतो. आणि पैशांचेच म्हणाल, तर एका मोठ्या जाहीर सत्काराचा मंडप, ध्वनियंत्रणा, फ्लेक्स आणि भोजनावळ यांचा खर्च मांडून पाहावा. त्यातून एका मुलाचे डेहराडूनचे सराव शिबिर निघते का, याचे उत्तर आयोजकांनाच ठाऊक असेल.

शाल-श्रीफळ बंद करा, असे म्हणणे नाही. ज्या गावात वाढलो तिथल्या माणसांनी खांद्यावर हात ठेवावा, ही इच्छा प्रत्येक खेळाडूला असते. फक्त त्या कार्यक्रमाची तारीख बदलावी. स्पर्धा जानेवारीत असेल तर सत्कार नोव्हेंबरात करावा आणि शालीसोबत पाकीट द्यावे, ज्यात रेल्वेचे तिकीट आणि रिंकचे भरलेले शुल्क असेल. मग पोर पदक घेऊन आले तर ढोल वाजवूच. रिकाम्या हाताने आले तरी स्टेशनवर घ्यायला जाऊ.